साडेचार फूट

चिखल उपसून झाला होता.
गाद्या ट्रकमधून गेल्या, फ्रीज भंगारात,
पंचनाम्यावाले सह्या घेऊन गेले.
मग मला बोलावणं आलं :
वायरमन, तेवढे बोर्ड बदलून द्या.

मी विचारलं, कुठवर आलं होतं?

घैसासबाईंनी गळ्यापाशी आडवा हात धरला.
त्यांचे यजमान म्हणाले, छे, छातीपर्यंतच.
ते उंच आहेत.
बी विंगमधली पोरगी टाचांवर उभी राहिली,
हात डोक्यावर नेला, तरी पुरेना,
म्हणाली, अजून वर.

टेप लावली. साडेचार फूट.
नकाशावर म्हणे निळी रेघ असते, लाल असते.
इथं तपकिरी,
देवघरातून, कपाटामागून, संडासातून
सगळ्या घरांत एका पातळीत गेलेली.
कुठल्या गवंड्याला पाणसळीनंसुद्धा
अशी साधली नसती.

म्हटलं, बोर्ड सहा फुटांवर घेतो,
मीटर जिन्याखालून काढून वरच्या वळणावर.
कसं दिसेल ते? वायरी लोंबतील.
लोंबू देत.
त्या रात्री मेन पाडायला
वॉचमन तायाप्पा उतरला होता जिन्याखाली,
रबरी चपला, हातात वेताची काठी.
चपला सापडल्या नाहीत.
तायाप्पा बरा आहे,
फक्त बटणाला हात लावत नाही,
अंधार पडला की कुणाला तरी हाक मारतो.

गच्चीवर मीटिंग झाली.
ओसवाल म्हणाले, आधी रंग काढा,
रेघ दिसली तर फ्लॅटला भाव कोण देईल?
बोत्रे म्हणाले, ओढ्याकडची भिंत
तीन फूट वाढवू, पक्की, सळईची.
पटापट हात वर गेले.
मीही मनात गज मोजायला लागलो.

कौसल्या खुडे जिना पुसत होती.
ओढ्यापलीकडच्या वस्तीत राहते.
फडकं पिळता पिळता म्हणाली,
मग ते पाणी कुठं जायचं, साहेब?

पिळलेलं पाणी बादलीत पडत राहिलं.
हात एकेक करून खाली आले,
सगळे नाही.

तीन मीटिंगा गेल्या. एकदा खुर्ची फेकली गेली.
भिंत वाढली नाही.
उलट बुडाशी तिला चार झरोके पाडले, जाळी लावून,
म्हणजे पाणी तुंबून भिंत अंगावर यायची नाही.
ओढ्यातून सहा टेम्पो राडारोडा निघाला,
त्यात बोत्र्यांच्या जुन्या बाथरूमच्या
मोरपिशी फरश्या होत्या.
कुणी बोललं नाही. बोत्र्यांनीच टेम्पोचं भाडं दिलं.
ओट्याखालचं प्लायवूड गेलं, कडप्पा आला.
रेशनकार्ड, दाखले, पोरांची प्रगतिपुस्तकं
माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत.

आणि मी एक वायर ओढली,
कौसल्याच्या दारापासून तायाप्पाच्या केबिनपर्यंत,
ओढ्यावरून, बॅटरीवर चालणारी बेल.
पाणी आधी तिला दिसतं.
तिनं दाबलं की इकडं वाजते,
इकडून दाबलं की तिकडं.
बेलचं बटण दाबायला मात्र
तायाप्पा तयार झाला. चौथ्या दिवशी.

रंग लागला शेवटी. ओसवालांनी तर दोन हात मारले.
बी विंगच्या पोरीनं दाराशेजारी
वीतभर भिंत रंगवू दिली नाही.
तिथं रेघ आहे,
आणि रेघेखाली पेन्सिलीनं तिची उंची, तारखेसकट.
अजून सात बोटं कमी भरते.
दर रविवारी मी बेल तपासायला गेलो
की मला टेप मागते.

मी राहतो मुळेच्या काठाला, पाटीलवस्तीच्या कोपऱ्यात.
आमच्याकडंही आलं होतं, गुडघाभर.
माझ्या घरातले बोर्ड
अजून दीड फुटावरच आहेत.
बायको रोज विचारते.
या रविवारी, म्हणतो,
ती बेल तेवढी बघून येतो.